निवड झाल्याबद्दल

"मयू, उतर गं सायकलवरनं. वर बघ जरा, वर!"

एसटी स्टँडसमोर भाजक्या शेंगा विकणाऱ्या हौसाबाईंनी मला अडवलं. मी सरावाला निघाले होते, पाठीवर धनुष्याची पेटी होती, उशीर झाला होता. तरी उतरले आणि बघितलं.

स्टँडच्या भिंतीलगत बांबू रोवून वीस फुटी फ्लेक्स उभा केला होता. मधोमध आमचे तानाजीकाका हात जोडून हसत होते. त्यांचा एकेक दात माझ्या तळहाताएवढा. खाली गोलात बसवलेले सत्तावीस शुभेच्छुक, त्यातला सत्ताविसावा गॉगल लावलेला आमचा चुलतभाऊ. आणि उजव्या कोपऱ्यात, शुभेच्छुकांपेक्षा थोडी मोठी, मी. छापणाऱ्यानं मला दोन-तीन वेळा धुऊन काढल्यासारखी गोरी केली होती, आणि काकांकडे तोंड यावं म्हणून फोटो उलटा फिरवला होता, त्यामुळे उजव्या हातानं दोरी ओढणारी मी फ्लेक्सवर डावखुरी झाले होते. वर लाल अक्षरं: 'आरळगावची सुकन्या कु. मयूरी जमदाडे हिची राष्ट्रीय तिरंदाजी स्पर्धेसाठी राज्य संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

माझी निवड तर झालेलीच नव्हती. निवड चाचणीच अजून बारा दिवसांवर होती, पुण्यात.

"पेढं कवा?" हौसाबाईंनी विचारलं.

मी सायकल वळवली आणि थेट काकांच्या घरी गेले. काका ओट्यावर बसून दाढी करत होते. त्यांना पंचायत समितीला उभं राहायचं होतं, त्यामुळे हल्ली ते दाढी रोज करायचे.

"काका, हे काय केलंत?"

"का? फोटो बारका झाला व्हय? मी म्हनलं हुतं त्याला, पोरगी जरा मोठी घे."

"अहो, माझी निवड झालेली नाही!"

"हुईल की."

"मग झाल्यावर लावायचा!"

काकांनी वस्तरा खाली ठेवला. अडाण्याला समजावावं तशा शांतपणे म्हणाले, "सोमवारी आचारसंहिता लागतीया. एकदा लागली की तोंडाचा बोर्ड लावता येत न्हाई. तुझी चाचणी त्याच्या म्होरं. मग मी काय करू? तुमच्या त्या तिरंदाजीवाल्यांनी जरा आधी घ्यायची हुती."

"उतरवा तो."

"अभिनंदनाचा बोर्ड उतरवायचा? आगं, लोक काय म्हंतील? पोरीचं कायतरी बिनसलं म्हंतील."

मी आण्णांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे गेले. आण्णा बेदाण्याच्या शेडमध्ये रॅक झाडत होते. द्राक्षं तोडणीला आली होती. त्यांनी सगळं ऐकलं, स्टँडवर जाऊन फ्लेक्स बघितला, आणि काकांना "तान्या, येडा हायस," एवढंच म्हणून परत रॅक झाडायला लागले. आण्णांचं बोलणं नेहमी एवढंच. उतरवायचं कुणी नावच काढेना.

आता मिनताईंबद्दल सांगायला हवं. मिन ओक-सन हे त्यांचं नाव. कोरियाच्या. एकोणिसाव्या वर्षी जगज्जेत्या झालेल्या. आमच्या साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांनी तिरंदाजीची अकादमी काढली, तेव्हा जिल्ह्यात कुणाकडे नाही असा कोच पाहिजे म्हणून वर्षभराच्या कराराने त्यांना आणलं. तेव्हा त्या चाळिशीच्या असतील. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, टोपीखाली कापलेले केस. मुली त्यांना मॅडम म्हणायच्या, पण गावातल्या बायकांनी पहिल्याच हळदीकुंकवाला त्यांची मिनताई केली. त्यांचं बोलणं तुटक इंग्रजी, त्याहून तुटक हिंदी आणि पाच-सहा मराठी शब्दांवर चालायचं. मी इथं सगळं मराठीतच सांगते. पण त्यांचा एक मराठी शब्द मात्र अस्सल होता: "परत." बाण चुकला की परत, लागला तरी परत.

आल्या आल्या गावानं त्यांचे सत्कार सुरू केले. कारखाना, पतसंस्था, हायस्कूल, महिला मंडळ, लायब्ररी. प्रत्येक ठिकाणी शाल, श्रीफळ आणि 'कोरियाच्या सुवर्णकन्या'. महिन्याभरात अकरा शाली जमल्या. एका सकाळी आम्ही मैदानावर गेलो तर टार्गेटच्या मागे दोरीवर त्या अकराही शाली एकावर एक टांगलेल्या. चुकलेला बाण त्यात अडकून खाली पडायचा. चेअरमनसाहेब पाहणीला आले, त्यांना आपली जरीकाठी शाल ओळखू आली. तिला सोळा भोकं पडली होती.

"मॅडम, हा आपला सन्मान होता," साहेब म्हणाले.

"हो," मिनताई कौतुकानं म्हणाल्या. "फार जाड. उत्तम."

मेडलांबद्दल विचारलं की त्या खांदे उडवायच्या. आम्ही खोदून खोदून विचारलं तेव्हा एकदा म्हणाल्या, "आमच्याकडे चाचणीला आलं की सगळे शून्यापासून. जगज्जेती असो नाहीतर शाळकरी पोर. जुनं मेडल दाराबाहेर."

तर फ्लेक्स लागल्या दिवशी मी रडत मैदानावर पोचले. मिनताईंनी माझं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दाखव."

आम्ही दोघी स्टँडवर गेलो. मी त्यांना वरची लाल अक्षरं वाचून दाखवली, अर्थ सांगितला.

"चाचणी झाली?"

"नाही."

"पण बोर्ड झाला."

"हो."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं होतं हसतील, नाहीतर चिडतील. त्यांनी पुढे होऊन फ्लेक्सची खालची कड अंगठा आणि बोटात धरून चोळून बघितली, कापडाच्या दुकानात बायका बघतात तशी. पावलं टाकून लांबी मोजली. हौसाबाईंनी त्यांच्या हातावर मूठभर शेंगा ठेवल्या, त्या खाल्ल्या. आणि परत आल्या.

पुढचे चार दिवस वाईट गेले. हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर माझा सत्कार केला. "अजून निवड नाही झाली, सर," मी कुजबुजले, तर ते माइकवरून म्हणाले, "बघा, किती हा विनय!" एक मध्यस्थ बाई फ्लेक्सवरचा फोटो बघून स्थळ घेऊन आल्या आणि मला प्रत्यक्ष बघून चहा न घेता गेल्या. आईनं शेजारणींना पेढे वाटले नाहीत, पण आणून ठेवले होते, ते मला फडताळात दिसले.

आणि माझा नेम गेला. आमच्या धनुष्यावर छोट्या पातळ पट्टीचं क्लिकर असतं. बाण पुरता ओढला की ते टक्क करतं, तो आवाज आला की सोडायचं. माझं टक्क होण्याआधीच बोटं सुटायला लागली. बहात्तर बाणांत माझी सहाशेच्या आसपास बेरीज असायची. राज्याच्या संघात पहिल्या चार जणी घेतात, आणि सहाशेला चौथा नंबर लागण्याची आशा होती. आता बेरीज पाचशे साठ झाली, मग पाचशे अठ्ठेचाळीस. दोरी ओढली की टार्गेटचा पिवळा गोल दिसायच्या ऐवजी मला लाल अक्षरं दिसायची. पाचवी आले तर या गावात सायकलवरून कशी फिरणार होते मी? आण्णा बाजारात कुठल्या तोंडानं जाणार होते?

पाचव्या दिवशी मिनताईंनी माझं धनुष्य पेटीत ठेवायला लावलं. हातात रबरी पट्टा दिला, दोरीसारखा ओढून सराव करायचा असतो तो.

"चल. स्टँडवर."

"स्टँडवर कशाला?"

"बोर्डाखाली. रोज एक तास."

मला वाटलं त्यांना नीट कळलं नसेल. पण त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी मला माझ्याच फोटोखाली उभं केलं, तोंड फलाटाकडे. पट्टा हनुवटीपर्यंत ओढायचा, दहा मोजेपर्यंत धरायचा, सोडायचा. सकाळी दहाला आरळगाव स्टँड म्हणजे तालुक्याची निम्मी माणसं. सगळ्यांनी आधी वर बघितलं, मग खाली.

"हीच का ती?"

"न्हाई वाटत. ती गोरी हाय."

"आन ती डावरी हाय. ही उजव्या हातानं वडतीया."

"बहीण आसंल."

"बाण कुटं हाय पर?"

"बाण महाग आसतोय. नुसतंच वडून बघायचं."

माझे कान तापले. पट्टा सहाला सुटला.

"परत," मिनताई म्हणाल्या.

सातला सुटला. "परत." पंढरीनाथ कंडक्टर विट्याच्या गाडीच्या दारात उभा होता. त्याला राहवेना. तो मोठ्यानं मोजायला लागला, तिकिटं मोजल्यासारखा: "येक... दोन... तीन..." दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर आख्खा फलाट मोजायला लागला. तिसऱ्या दिवशी मी नवाला सोडलं तर गाडीतून एक आजोबा ओरडले, "आगं, आजून येक हुतं की!" चौथ्या दिवशी विट्याची गाडी सुटायची वेळ होऊन गेली तरी ड्रायव्हर इंजिन चालू करेना. "तिचं धा हू दे," म्हणाला. हौसाबाई तर पदरानं माझं कपाळ पुसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायच्या, "आजून निवड झालेली न्हाई बरं का तिची. तान्यानं उगाच लावलंय." जे मला चार दिवस ओरडून सांगता आलं नव्हतं, ते त्यांनी आठवड्यात सगळ्या तालुक्याला सांगून टाकलं. काका दोनदा स्टँडवरून गेले, दोन्ही वेळा पलीकडच्या बाजूनं.

माझा हात स्थिर झाला. भीती मात्र गेली नव्हती. ती मी पुण्याला बरोबर घेऊन गेले.

चाचणीला आम्ही दोघीच गेलो. तोडणी सुरू झाल्यामुळे आण्णांना यायला जमेना. त्यांनी मिनताईंच्या हातात गेल्या वर्षीच्या बेदाण्याची पिशवी दिली आणि काही न बोलता नमस्कार केला. मिनताईंनी काही न बोलता कमरेत वाकून नमस्कार केला. आठ महिन्यांत त्या दोघांचं संभाषण एवढंच झालं होतं, आणि दोघांनाही ते पुरेसं वाटत होतं.

पहिल्या छत्तीस बाणांत माझे दोनशे एकोणनव्वद झाले. मी सहावी होते, चौथीच्या पाच मागे. मध्ये अर्ध्या तासाची सुटी होती. मिनताई मला मैदानाच्या कडेच्या लिंबाखाली घेऊन गेल्या आणि बेदाण्याची पिशवी उघडली.

"कशाची भीती वाटते?"

"बोर्डाची," मी म्हणाले. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

त्यांनी एकेक बेदाणा तोंडात टाकत बोलायला सुरुवात केली. एवढं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं.

"आमच्याकडेही असतो. गावात शिरायच्या रस्त्यावर, दोन खांबांना. कापडी बोर्ड, मोठी अक्षरं. पोरानं परीक्षा दिली, बोर्ड. पोरीनं मेडल आणलं, बोर्ड. मी वीस वर्षांची होते, जगज्जेती. ऑलिंपिकची चाचणी होती. आमच्या गावच्या मुख्यानं आधीच लावला. मी जाणारच, त्यात काय बघायचं!"

"मग?"

"तीन जणी घेतात. मी चौथी आले. एका गुणानं."

आम्ही सगळ्यांनी अकरा सत्कार केले आणि हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मग बसनं घरी गेले. बस बोर्डाखालूनच जाते. तीन दिवस मी घराबाहेर पडले नाही. चौथ्या दिवशी वडील शिडी घेऊन गेले आणि बोर्ड काढून आणला. सात मीटर. त्यांनी हातानं बघितलं, जाड होता. अंगणात अंथरला आणि त्यावर मिरच्या वाळत घातल्या. लाल मिरच्या, माझ्या नावावर. दर पावसाळा संपला की तोच बोर्ड. अकरा वर्षं."

"तुम्हाला काही वाटलं नाही?"

"पहिल्या वर्षी फार राग आला. वडिलांशी बोलले नाही." त्यांनी पिशवीची गाठ मारली. "सात वर्षांनी परत संघात आले. तेव्हाही मिरच्या त्याच्यावरच होत्या."

"पण त्या वर्षी, तुम्ही हरलात त्या वर्षी, पुढे काय झालं?"

मिनताईंनी जरा विचार केला.

"मिरच्या चांगल्या वाळल्या," त्या म्हणाल्या. मग उठल्या, पँट झाडली आणि मैदानाकडे बोट केलं. "परत."

त्या दुपारी मी जसे बाण सोडत गेले, तसे आधी कधी सोडले नव्हते. दोरी ओढली की मला लाल मिरच्या दिसायच्या आणि हसू यायचं, हसू दाबेपर्यंत टक्क व्हायचं. शेवटचा बाण नऊला लागला. छत्तीस बाणांत तीनशे अकरा, माझ्या आयुष्यातली तोवरची सगळ्यात मोठी बेरीज. एकूण बरोबर सहाशे.

निकालाचा कागद भिंतीवर चिकटवला. चौथ्या मुलीचे सहाशे दोन होते. मी पाचवी.

मी तो कागद तीनदा वाचला. मिनताई मागे उभ्या होत्या. त्यांनी माझी पेटी उचलून स्वतःच्या पाठीवर घेतली आणि स्वारगेटला जाईपर्यंत दिली नाही. दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत मी रडले. कऱ्हाडपर्यंत रडले, मग भूक लागली म्हणून थांबले.

दिवस मावळायच्या सुमाराला आमची गाडी आरळगाव स्टँडमध्ये वळली. मी खिडकीतून बघणार नव्हते, पण बघितलं. फ्लेक्स जागेवरच होता. दरम्यान आचारसंहिता लागली होती. ग्रामपंचायतीची माणसं येऊन गेली होती, आणि त्यांनी पुढाऱ्यांची तोंडं झाकायची म्हणून काकांच्या भल्यामोठ्या चेहऱ्यावर आणि सत्तावीसच्या सत्तावीस शुभेच्छुकांवर वर्तमानपत्राचे कागद चिकटवले होते. गॉगलवाल्या चुलतभावालाही सोडलं नव्हतं. वीस फुटांत उघडं तोंड एकच राहिलं होतं. माझं.

उतरले तर फलाटावर ओळखीचे सगळे. पंढरीनाथ कंडक्टर, विट्याचा ड्रायव्हर, हौसाबाई, आणि रिक्षांच्या मागे तोंड चुकवत उभे तानाजीकाका. आण्णा टेम्पो घेऊन आले होते.

"कितवी?" हौसाबाईंनी विचारलं.

"पाचवी," मी म्हणाले. "चार घेतात."

पंढरीनाथ म्हणाला, "किती कमी पडलं?"

"दोन."

"दोनच व्हय!" तो असा म्हणाला की दोन गुण त्याच्या पिशवीत असते तर काढून दिले असते. काका पुढे आले आणि टोपी काढून डोकं खाजवलं. "चुकलं माझं," ते म्हणाले. निवडणुकीच्या तोंडावर भर स्टँडवर काकांनी असं म्हणणं ही साधी गोष्ट नव्हती.

आण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग फ्लेक्सकडे. सावकाश चालत त्याच्याजवळ गेले. खालची कड अंगठा आणि बोटात धरून चोळून बघितली. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं टाकली.

"जाड हाय चांगलं," ते म्हणाले. "बेदाणा निवडायला खाली आथरायला हुईल. तान्या, सुतळी सोड तिकडची."

मी मिनताईंकडे वळून बघितलं. त्यांना मराठी कळलं नव्हतं, पण त्यांची नजर आण्णांच्या बोटांवर खिळली होती.

"काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

मिनताई धनुष्याच्या पेटीवर मटकन बसल्या. आधी नुसते खांदे हलायला लागले. मग त्या हसायला लागल्या, टोपी पडेपर्यंत, आणि हसता हसता कधी रडायला लागल्या ते त्यांनाही कळलं नसावं. हौसाबाई घाबरून पाणी घेऊन धावल्या. "आगं, काय झालं बाईला?" मला कुणाला सांगता येईना, कारण मीही तेच करत होते. खरं सांगते, पुण्याहून निघाल्यापासून पहिल्यांदा मला छातीत मोकळं वाटलं.

मग मिनताईंनी डोळे पुसले, उठल्या, आणि फ्लेक्सचं दुसरं टोक हातात घेतलं. आण्णा एकीकडे, त्या एकीकडे. लुगड्याची घडी घालावी तशी दोघांनी त्याची घडी घातली, जवळ आले, टोकाला टोक लावलं, पुन्हा लांब गेले. टेम्पोत ठेवताना आण्णांनी त्यांना नमस्कार केला. त्या नेहमीपेक्षा खूप खाली वाकल्या, आणि बराच वेळ वर आल्या नाहीत.

काका त्या निवडणुकीत पडले. पुढच्या वर्षी मी चाचणीत तिसरी आले, तेव्हा त्यांनी निकालाचा कागद स्वतःच्या डोळ्यांनी वाचला, दोन जणांकडून वाचून घेतला, आणि तरी बोर्ड लावला नाही. मिनताई तोवर करार संपवून परत गेल्या होत्या. मी त्यांना फोन केला.

"ताई, मी संघात आले. तिसरी."

त्या म्हणाल्या, "बरं. आणि बेदाणे?"

मी शेडमध्येच उभी होते. आण्णा खाली अंथरलेल्या फ्लेक्सवर बसून बेदाणा निवडत होते. त्यावरचे वर्तमानपत्राचे कागद केव्हाच निघून गेले होते. माझं अर्धं तोंड दिसत होतं, आणि काकांच्या दातांवर सोनेरी ढीग पडला होता.

"चांगले वाळले, ताई," मी म्हणाले.